कारण : इतर

वाडीतल्या गोडाऊनच्या माळ्यावर, पत्र्याखाली,
रात्री अकरा ते सहा
मी एकेचाळीस माणसांच्या पापण्या सांभाळते.

त्यांच्या काचेला चिकटवलेला एकेक मोबाईल
त्यांच्या डोळ्यांकडे बघत असतो,
रस्त्याकडे नाही.
दीड सेकंद पापणी खाली राहिली
की तिकडे तो कोकलतो
आणि इकडे माझ्या पडद्यावरचा हिरवा ठिपका लाल होतो.
मग मी फोन लावायचा.
भिंतीवरच्या कागदात लिहिलंय :
"आपण सुरक्षित आहात का?"
त्याला सगळेच हो म्हणतात,
झोपेतसुद्धा.
म्हणून मी विचारते, भाजी कशाची होती.
भाजी आठवायला माणूस जागा लागतो.

हरिदास सहारेची कायम वांग्याची.
रमजानी शेख चिडतो, "बाई, रात्री तीनले कोनती भाजी?"
चिडला म्हणजे उठला. मी टिक करते.
भिवापूरचा तो नवा पोरगा एकदा रडायलाच लागला,
त्याला टोलनाक्याच्या कडेला थांबवून
वीस मिनिटं झोपवलं मी,
वीस मिनिटांनी उठवलं.
माझ्या पोराला इतकं वेळेवर
कधी उठवलं नाही.

गुलाब टेंभुर्णेचा ठिपका मात्र
आठवड्यातून तीनदा
एकाच जागी लाल व्हायचा.
शिवमडक्याहून समृद्धीला लागलं की तिसऱ्या तासाला.
तिथं वळण नाही, चढ नाही, ढाबा नाही,
मागच्या-पुढच्या किलोमीटरसारखाच
नुसता सिमेंटचा रस्ता.
दोन सेकंद. कधी सव्वादोन.
मग परत हिरवा.
मी मालकाला सांगितलं नाही,
मालकाला यंत्रानंच सांगितलं.
पगारातून दोनशे गेले.

"टेंभुर्णे, तिथंच काहून झोपता तुमी?"

बराच वेळ फक्त इंजिन ऐकू आलं.

"झोपत नाही, बाई. डोये मिटतो.
सुखदेव होता माहा क्लीनर.
तवा हा फोन नोता.
त्याले म्हनलं होतं, बोलत राय माह्यासंगं.
त्यालेच आधी लागली."

प्रत्येक लाल ठिपक्याला कारण भरावं लागतं.
झोप. थकवा. चष्मा. ऊन. इतर.
मी इतर भरलं.
इतरपुढं रेघ आहे, पन्नास अक्षरांची.
ती तशीच सोडली.

पण ऐंशीच्या वेगात दोन सेकंद
म्हणजे चव्वेचाळीस मीटर.
कूलरच्या घरघरीत बसून मी हिशोब केलाय :
चव्वेचाळीस मीटर ती गाडी
कुणीच चालवत नसतं.
म्हणून आता ती जागा यायच्या आधीच
मी फोन लावते.
"सुखदेवले कोनती भाजी आवडे?"
पहिल्या दिवशी तो काहीच बोलला नाही.
दुसऱ्या खेपेला म्हणाला, "भाजी कायची,
नुसती तर्री पे, बुडालं पाहिजे जेवन."
आणि मग सांगतच राहिला,
सुखदेवची चप्पल, सुखदेवचं घोरणं,
डिझेलच्या पैशातून घेतलेला सुखदेवचा गॉगल.
ठिपका हिरवा.
किलोमीटर गेला.

सहाला मी कूलर बंद करते, स्कूटी काढते.
मे महिना, डांबर सकाळीच कोमट.
हिंगणा टी-पॉइंटचा सिग्नल नव्वद सेकंदांचा.
आकडे उलटे मोजता मोजता एकदा
मागच्या ऑटोवाल्यानं हॉर्न दिला, तोवर
हिरवा येऊन गेला होता.
टेंभुर्णेला हे मी बोलता बोलता सांगून बसले.

आता रोज साडेसहाला
माझ्या पर्समध्ये एकच रिंग वाजते
आणि थांबते.
उचलायची नसते.
मी हेल्मेटच्या आत,
मोठ्यानं, कुणालाच नाही,
सांगते :
दोडके.